कोण घाबरलो?

प्रश्न डॉक्टरबाईंचा होता आणि तो दुभाष्यानं नेहमीसारखा बिनचूक पोचवला. "तुमच्या आत जे घाबरून बसलंय ना, ते किती वर्षांचं असावं असं तुम्हाला वाटतं?" बस्स. यानंतर थांबायचं. पुढच्या खुर्चीतल्या टेलरबाईंनी आपल्या भाषेत काय ते उत्तर द्यायचं, ते त्यानं इथल्या भाषेत डॉक्टरबाईंना सांगायचं, की त्याचं काम संपलं. पण तो थांबला नाही. त्याच पट्टीत, त्याच आवाजात, एका वाक्याच्या शेपटाला दुसरं बांधावं तसा तो आपल्याच भाषेत पुढं म्हणाला, "मी नऊ वर्षांचा होतो. मी घाबरलो होतो." म्हणून झाल्यावरही त्याला काही कळलं नाही. पेन्सिल वहीवर टेकवून तो उत्तराची वाट बघत बसला. डॉक्टरबाईंना त्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. या लोकांच्या भाषेत प्रश्न जरा लांबत असतील, असं समजून त्याही शांतपणे टेलरबाईंकडे बघत राहिल्या. टेलरबाईंनी मात्र मान वळवली. तो त्यांच्या डाव्या खांद्यामागं, हातभर अंतर सोडून बसलेला असे, आणि आधीच्या चार बैठकांत त्यांनी एकदाही मागं पाहिलं नव्हतं. आता त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, उलट्या बाजूनं शिवत गेलेल्या कापडाकडे पाहावं तसं, आणि विचारलं, "कोण घाबरलो?"

तो 'लो' कानावर पडला आणि आपण काय बोललो ते त्याला कळलं. डॉक्टरबाईंच्या वतीनं तो या खोलीत 'मी विचारते', 'मला समजतंय, मी ऐकतेय' असंच बोलत आला होता. टेलरबाई तर बाईच. म्हणजे 'घाबरलो' म्हणू शकेल असं माणूस खोलीत एकच होतं, आणि त्याला स्वतःचं बोलायची मुभा नव्हती. डॉक्टरबाईंनी भुवया उंचावल्या, काय म्हणाल्या त्या? काहीबाही सांगून वेळ मारून नेता आली असती, पण एवढ्या वर्षांची सवय. तोंड आपोआप उघडलं. "कोण घाबरलं?" डॉक्टरबाईंचा चेहरा उजळला. "वा, अगदी नेमका प्रश्न! तेच तर आपल्याला शोधायचंय. घाई नको." आणि हे वाक्यही त्यालाच टेलरबाईंना सांगावं लागलं. सांगताना त्याचे कान तापले. टेलरबाई ऐकून घेऊन नुसतं "हं" म्हणाल्या आणि पुन्हा सरळ बसल्या.

दुसऱ्यांच्या वतीनं 'मी' म्हणणं हाच त्याचा धंदा होता. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, जुन्या फायलींच्या शेजारी, चार टेबलांची दुभाष्यांची खोली होती. कोण कुठल्या मजल्यावर ते सकाळी फळ्यावर लिहिलेलं असे. नियमांची एक बारीकशी पुस्तिका होती, ती त्याला तोंडपाठ होती, नव्या माणसांना तोच शिकवायचा. रुग्ण 'माझं पोट दुखतंय' म्हणाला तर दुभाष्यानं 'याचं पोट दुखतंय' म्हणायचं नाही, 'माझं' म्हणायचं. पदरचं घालायचं नाही, नको ते गाळायचं नाही. खोलीबाहेर रुग्णाशी बोलायचं नाही. आणि शब्द अडला, ऐकू आलं नाही, म्हणून स्वतःला काही म्हणायचंच असेल तर 'दुभाष्याला खुलासा हवा आहे' असं, कुणा तिऱ्हाइताबद्दल बोलावं तसं म्हणायचं. एकोणीस वर्षांत तो असा हजारो वेळा कुणाकुणाचा 'मी' झाला होता. मला हे मूल नको आहे. माझा पाय कुठं ठेवलात? मी त्याला ढकललं नाही, तो आपला आपण पडला. संध्याकाळी हे सगळे 'मी' बुटांबरोबर दाराशी काढून ठेवतो, असं तो गमतीनं सांगायचा. त्याची बायको औषधांच्या दुकानात काम करायची आणि औषधासारखंच मोजून बोलायची, ती एकदा म्हणाली, "काढून ठेवता हो, पण मग आत कोण येतं?" तो हसला होता. भांडणातसुद्धा तो तिचंच म्हणणं नीटनेटकं करून तिला परत सांगायचा, तुला असं म्हणायचंय ना की मी अमुक वागतो. यावर ती हात जोडून स्वयंपाकघरात निघून जायची.

तिसऱ्या मजल्यावरच्या या डॉक्टरबाईंची पद्धत त्याला सुरुवातीला सोपी वाटली होती. माणसाच्या आत एकच माणूस नसतं, असं त्यांचं म्हणणं. बरेच जण असतात. एखादा घाबरट, एखादा दटावणारा, एखादा सगळ्यांची समजूत घालत फिरणारा. त्यातला कुणी लहानपणीच कामाला लागलेला असतो, आणि काम संपलं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून तो बिचारा तेच करत राहतो. त्याला हाकलायचं नाही. जवळ बसवून विचारायचं, बाबा रे, तू कोण, आणि कशाची राखण करतोस? पहिल्याच दिवशी त्यानं हे सगळं एका दमात आपल्या भाषेत उतरवलं, तेव्हा टेलरबाई म्हणाल्या, "म्हणजे एक मन म्हणतं कर, दुसरं म्हणतं नको, तेच ना? एवढ्यासाठी ही बाई इतकी वर्षं शिकली?" नियमाप्रमाणे त्यानं तेही सांगून टाकलं. डॉक्टरबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहून त्याखाली दोनदा रेघ मारली.

टेलरबाईंचं दुखणं उजव्या हाताचं होतं. सात महिने झाले, कातर उचलायला गेल्या की हात ओल्या फडक्यासारखा टेबलावर पडून राहायचा. चमचा उचलायचा, कुलूप उघडायचा, केस विंचरायचा. कातर म्हटलं की मेला. मान तपासली, नसा तपासल्या, सगळं ठीक निघालं, तेव्हा त्यांची वरात इथं पोचली. दुकान नवराबायकोचं होतं. दोघं पोरवयात एकाच कारखान्यात शिकलेली, त्यामुळे लग्नानंतरही अरे-तुरेच चालायचं. तो कापायचा, ही शिवायची. सात महिन्यांपूर्वी एका दुपारी त्यानं एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. "मी म्हटलं, मेल्या, लक्ष कुठंय तुझं? तो हसला. हसत स्टुलावर बसला, हनुवटी छातीला लावली. मला वाटलं, शरमला. मी बोलतच राहिले. चांगली दहा मिनिटं बोलले. मग त्याचा चष्मा खाली पडला." हे त्यांनी दुसऱ्या बैठकीत सांगितलं होतं, अजिबात न रडता, आणि त्यानं शब्दाला शब्द लावून इथल्या भाषेत नेलं होतं. निदान त्याची तशी समजूत होती.

ती पाचवी बैठक संपल्यावर तो जिन्यानंच जायला निघाला, पण टेलरबाई लिफ्टशेजारी, पाण्याच्या नळापाशी उभ्या होत्या. "भाऊ, जरा थांबा." "बाई, नियम आहे. बाहेर बोलता येत नाही आम्हाला." "मग नुसतं ऐका. ऐकायला काही नियम नाही ना?" त्या जवळ आल्या. "आत घाबरलात, ते जाऊ दे. माणूस आहे, घाबरतो. मी तक्रार करणार नाही." तो म्हणाला, "जीभ घसरली." "इतकी लांब घसरत नाही जीभ. पण ते तुमचं तुम्ही बघा. मला एकच सांगा. मी त्याला 'मेल्या' म्हटलं होतं. ते तुम्ही तिला काय म्हणून सांगितलंत?"

त्यानं सांगायला तोंड उघडलं आणि त्याला ते वाक्य, तीन आठवड्यांपूर्वी स्वतःच उच्चारलेलं, लख्ख ऐकू आलं. "वेड्या," तो म्हणाला. "म्हणजे, लाडानं म्हणतात तसं. इथं त्याला शब्द नाही, बाई. मेल्या म्हणजे आपल्यात काही खरोखर..." लिफ्ट आली, दार उघडलं, आत कुणी नव्हतं, दार मिटलं. "वेड्या म्हटल्यानं कुणी मरतं का हो?" टेलरबाईंनी इतक्या हळू विचारलं की त्याला वाकावं लागलं. "तरीच! मी आपली चार खेपा काळीज काढून दाखवतेय, आणि ती म्हणते, शेवटचा शब्द प्रेमाचा होता ही केवढी शिदोरी. मला कळेना, ही बाई दगड आहे की मीच खुळी? लोक म्हणतात बोलाफुलाला गाठ पडते. माझी पडली. उभ्या आयुष्यात हजारदा म्हटलं, एकदा लागलं. ते सांगायला मी इथं येते, आणि तुम्ही मध्ये बसून त्याचा लाड करून ठेवलात. आम्हा दोघींना वेडं केलंत, एवढं मात्र खरं." त्यानं हातातली वही मिटली. "तिला सांगा नीट. मी सांगितलं असतं, पण त्या खोलीत मला तुमच्याशिवाय तोंड नाही." एवढं म्हणून त्या जिना उतरून गेल्या, डाव्या हातानं कठडा धरत.

तो रोजच्या वाटेनं निघाला आणि दोन चौक पुढं गेल्यावर उलट्या दिशेनं चालतोय असं त्याच्या ध्यानात आलं. चपलांचं दुकान, चाव्या करून देणारा, काचेमागं रिकाम्या खुर्च्या मांडलेलं केशकर्तनालय. वेड्या. हा शब्द त्यानं निवडला नव्हता. निवडला असता तर आठवलं असतं. अवघड शब्दापाशी तो एक क्षण अडखळायचा, वहीत खूण करायचा. इथं खूण नव्हती. कुणीतरी मधल्या मध्ये, त्याला ताकास तूर लागू न देता, धारेचा शब्द काढून घेतला होता आणि बोथट शब्द पुढं सरकवला होता. लहान मुलाच्या हातातून सुरी काढून घेतात तसा. आणि हे करणारं कोण, ते ओळखायला त्याला डॉक्टरबाईंची गरज नव्हती. एक्केचाळीस वर्षं तो त्याला ओळखत होता. तेव्हा तो नऊ वर्षांचा. वडील शीतगृहात मालाच्या राशी लावायचे. त्यांचे हात भर उन्हाळ्यातही गार असत. पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात गेले, आणि महिन्याभरानं एका डॉक्टरच्या खोलीत आई, वडील आणि तो. डॉक्टरचं मनगट केसाळ होतं, घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात अडकवलेला, पट्ट्याच्या कडेनं मांस वर आलेलं. आईला इथल्या भाषेचा गंध नव्हता. वडिलांची भाषा ओझी उचलण्यापुरती. डॉक्टर त्याच्याकडे बघून म्हणाला, "आईला सांग. तीन आठवडे, फार तर. घरी न्या आणि ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या." आई त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्यानं सांगितलं, "तीन आठवड्यांत बरे होतील म्हणतात. घरी न्या म्हणतात." आणि वडिलांनी, ज्यांना आकडे तरी नक्की कळत होते, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि खिडकीकडे मान फिरवली. घरी आल्यावर आईनं बाहेरची खोली रंगवायला काढली. फिकट पिवळा रंग. रंगाच्या वासानं वडील खोकायचे, ती खिडक्या उघडायची आणि पुन्हा रंगवायला लागायची, आणि हा शाळेचं दप्तर मांडीवर घेऊन बघत बसायचा की ही किती आशेनं रंगवतेय. एकोणिसाव्या दिवशी वडील गेले. आईनं त्याला कधी काही विचारलं नाही. म्हणून त्यानं कधी काही सांगितलं नाही, बायकोलाही नाही. दुभाष्या का झालात, असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, दोन भाषा येत होत्या, दुसरं काय करणार?

पण आजचं कोडं वेगळंच होतं. 'मी घाबरलो होतो' हे जर त्या नऊ वर्षांच्या पोरानं म्हटलं, तर त्याचा आवाज इतका सराईत कसा? तो अडखळला नाही, त्याला रडू आलं नाही. अगदी पुस्तिकेत लिहिल्यासारखं, पहिल्या पुरुषात, सपाट. की ते म्हटलं होतं आपणच, त्याच्या वतीनं, जसं कुणाच्याही वतीनं म्हणतो? मग तो स्वतः काय म्हणत होता? आणि तो आत असेल, दुभाष्या बाहेर असेल, तर हे सगळं चौकात उभं राहून विचारणारा तिसरा कोण? हा तिसरा त्या दोघांपेक्षा जास्त गोंधळलेला दिसत होता. चाव्यावाल्यानं विचारलं, "काय हवंय?" तो म्हणाला, "काही नाही, मी..." आणि पुढचा शब्दच येईना. शेवटी त्यानं घराच्या किल्लीची एक नक्कल करून घेतली. घरी तशा तीन होत्या.

रविवारी सकाळी तो आईच्या पायाची नखं कापायचा. ब्याऐंशी वर्षांची आई खिडकीपाशी बसे, गरम पाण्याच्या टबात पाय सोडून, आणि नखं मऊ होईपर्यंत खालच्या रस्त्यावर कोण कोणाबरोबर चाललंय याच्या बातम्या देई. त्या रविवारी त्यानं तिचा डावा पाय मांडीवर घेतला, टॉवेलनं टिपला आणि मान खालीच ठेवून म्हणाला, "आई, बाबांच्या वेळेला डॉक्टरनं जे सांगितलं होतं, ते मी तुला खरं सांगितलं नव्हतं." "काय ते?" "तीन आठवड्यांचं." आईनं खिडकीतून नजर आत वळवली. मग म्हणाली, "तू? तू कुठं होतास तिथं?" "अगं, त्या खोलीत. तू, बाबा आणि मी." "काहीतरीच बोलतोयस. तुला बाहेर बसवलं होतं. त्या नर्सनं जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या दिल्या होत्या तुला खेळायला, त्यांचं तू कुंपण करत बसला होतास. आत ताई होती. ती बोलली सगळं. अंगठा नको, अंगठा दुखतो, शेवटी काप."

त्यानं अंगठा सोडला. "ताईनं काय सांगितलं?" "काय सांगणार? डॉक्टर म्हणाला ते. तीन आठवडे. बारा वर्षांची पोर, पण ओठ नाही थरथरला तिचा." "बरे होतील, असं नाही सांगितलं?" "बरे? कोण म्हणालं बरे? त्यांचा चेहरा पाहिला होतास का तू?" "मग तू खोली रंगवलीस ती?" आईनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसा तो अजूनही कुंपण करतोय. "माणसं यायची होती ना घरी, बाळा. पंचवीस-तीस माणसं तरी येणार. भिंतींना ओल आलेली, पोपडे सुटलेले. तसंच ठेवायचं होतं का?" आणि पाय हलवून म्हणाली, "आटप, पाणी गार झालं."

ताई दुसऱ्या गावात होती. शाळेच्या बसगाड्यांच्या फेऱ्या लावायचं काम करायची आणि फोनवर कायम घाईत असायची. त्यानं गच्चीवर जाऊन तिला फोन लावला. वाळत घातलेल्या चादरींमध्ये उभं राहून त्यानं आईचं म्हणणं जसंच्या तसं तिला सांगितलं, काही न गाळता. मग ताई म्हणाली, "पट्ट्या वगैरे मला आठवत नाहीत. तू पायऱ्यांवर बसला होतास. आम्ही बाहेर आलो तेव्हा तू धावत आलास, काय म्हणाले, काय म्हणाले. आईनं माझा दंड दाबला. म्हणाली, धाकट्याला सांग, तीन आठवड्यांत बरे होतील. म्हणून मी सांगितलं." "मला?" "तुलाच. तू विचारलंस, नक्की? मी म्हटलं, डॉक्टर म्हणाले." चादर वाऱ्यानं त्याच्या तोंडावर आली, ती त्यानं बाजूला केली. "हे बघ," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज आता घाईचा नव्हता, "नंतर वर्षभर तू माझ्याशी बोलला नाहीस. मी मनात म्हटलं, बरोबरच आहे. खोटं मी बोलले, त्याच्याशी बोलले. पुढं तू बोलायला लागलास, पण मला कधी वाटलं नाही की तू सोडलंस ते." "मला तर आठवतच नाही, ताई, की मी बोलत नव्हतो." "मग इतकी वर्षं मी कुणाची माफी मागत होते रे, मनातल्या मनात?" असं म्हणून ती हसायला लागली, आणि ते हसू मध्येच कुठंतरी बिघडलं. आयुष्यभर दोन माणसांच्या मध्ये बसून बोललेला माणूस. आज मध्ये कुणी नव्हतं, तर वाक्य बनेना. "तू घाबरली होतीस का तेव्हा?" त्यानं शेवटी विचारलं. "न घाबरायला काय झालं?" ताई म्हणाली. "पण मला कुणी विचारलं नाही."

फोन ठेवल्यावर सुटल्यासारखं वाटेल, अशी त्याची कल्पना होती. गुन्हा त्याचा नव्हताच. तो आत नव्हताच. जे वाक्य त्यानं आईशी केलेली लबाडी म्हणून पाठीवर वाहिलं, ते त्याला कुणीतरी मायेनं दिलेलं होतं, आणि त्यानं ते ताईच्या तोंडातून उचलून आपल्या तोंडात ठेवलं होतं. त्याच्यासाठी झालेला पहिला अनुवाद, म्हणायचं तर. पण मग ते केसाळ मनगट, तो शेवटच्या भोकातला पट्टा, हे त्यानं कुणाच्या डोळ्यांनी पाहिलं? ताईनं सांगितलं असेल? की ते दुसऱ्याच कुठल्या डॉक्टरचं, एकोणीस वर्षांत पाहिलेल्या शेकडो मनगटांतलं एखादं? वडिलांनी खिडकीकडे फिरवलेली मान तर त्याला अजून दिसत होती, मानेवरचा तीळसुद्धा. इतकी वर्षं सांभाळलेला तो नऊ वर्षांचा घाबरलेला पोर आता डोळ्यांपुढं उभाच राहीना. त्याच्या जागी कधी वेणी घातलेली बारा वर्षांची मुलगी यायची, कधी लाकडी पट्ट्यांचं कुंपण घालणारा, काहीच ठाऊक नसलेला, चक्क आनंदात असलेला एक मुलगा. या मुलाची त्याला सगळ्यात जास्त भीती वाटली. जेवताना बायको म्हणाली, "आज फार गप्प आहात." तो म्हणाला, "कोण?" तिनं भाजीचा डाव खाली ठेवला आणि पहिल्यांदाच हात न जोडता त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

पुढच्या बैठकीला तो वेळेआधी गेला. टेलरबाई आल्या, बसल्या, त्यांनी मागं पाहिलं नाही. डॉक्टरबाईंनी दार लावलं, आणि त्या काही म्हणायच्या आत तो म्हणाला, "दुभाष्याला खुलासा करायचा आहे." मग तेच आपल्या भाषेत टेलरबाईंना सांगितलं, त्यांनी मान हलवली. त्यानं सांगायला सुरुवात केली, एक वाक्य इकडे, एक वाक्य तिकडे. दुसऱ्या बैठकीत दुभाष्यानं एक शब्द चुकीचा पोचवला. रुग्णानं 'वेड्या' म्हटलं नव्हतं. त्यांच्या भाषेत एक शिवी आहे, बायका ती मुलांना घालतात, मांजराला घालतात, उकळून ओट्यावर सांडलेल्या दुधालाही घालतात. तिचा अर्थ होतो, मेलेला. मरून गेलेला. "म्हणताना कुणाच्या मनात तो अर्थ नसतो," तो म्हणाला, आणि टेलरबाईंकडे वळून तेच आपल्या भाषेत म्हणाला. "नसतो," टेलरबाई म्हणाल्या. "कधीच नसतो." हेही त्यानं सांगितलं.

डॉक्टरबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. त्यांनी वही उघडली, दोनतीन पानं मागं जाऊन पाहिली, मिटली. "मला माफ करा," त्या टेलरबाईंना म्हणाल्या. "इतके दिवस मी भलत्याच वाक्याशी बोलत होते. तुम्ही इथं कशा टिकलात?" टेलरबाई म्हणाल्या, "घरी तरी काय होतं?" मग एकदम, कुणी न विचारता, त्या बोलत सुटल्या. जीभ माझी. मारलं तिनं, आणि शिक्षा हाताला, हा कुठला न्याय? एक मन म्हणतं, शब्दानं कुणी मरत नाही, त्याची नस तुंबली होती, कागदावर लिहून दिलंय. दुसरं म्हणतं, मग दहा मिनिटं बोलत कशाला राहिलीस? एकदा तरी वळून बघायचंस. त्या रडत होत्या, आणि तो एकेक वाक्य उचलून पलीकडे नेत होता, 'मी मारलं', 'मी पाहिलं नाही', आणि या वेळी एकही शब्द हातात मऊ झाला नाही. डॉक्टरबाईंनी विचारलं, "आणि हात? त्याचं काय म्हणणं आहे?" टेलरबाईंनी मांडीवरचा हात उलटा करून तळवा बघितला. "त्याला कुणी विचारलंय कुठं?" त्या म्हणाल्या. "तो आपला उभा आहे दुकानात अजून. बाह्या पुन्हा कापायच्या म्हणून."

मग डॉक्टरबाईंनी हळू आवाजात एक प्रश्न विचारला, आणि त्यानं तो सवयीनं टेलरबाईंना सांगितला, "आणि तुम्ही? तुम्ही ठीक आहात ना? तो शब्द बदलताना तुम्हाला काय झालं होतं?" टेलरबाईंनी डोळे पुसले, मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मला नाही, भाऊ. ती तुम्हाला विचारतेय." त्यानं डॉक्टरबाईंकडे पाहिलं. खरंच, त्या त्याच्याकडेच बघत होत्या. 'दुभाष्याला असं म्हणायचं आहे की' इथपर्यंत वाक्य घशाशी आलं आणि तिथंच राहिलं. घाबरलेला कुणी नव्हता. होता, पण ती ताई होती. खोटं कुणी बोललं नव्हतं. बोललं होतं, पण त्याच्याशी. मग शब्द कुणी बदलला? "मला माहीत नाही," तो आपल्या भाषेत म्हणाला. "खरंच माहीत नाही. मला वाटत होतं माहीत आहे." डॉक्टरबाई वाट बघत राहिल्या, त्यांना काहीच कळलं नव्हतं, आणि हे त्यांना सांगणारं खोलीत कुणी नव्हतं. त्यानं प्रयत्न केला, इथल्या भाषेत तोंड उघडलं, पण ती भाषा, ज्यात तो एकोणीस वर्षं लोकांची मरणं आणि बाळंतपणं वाहून नेत होता, त्याच्या स्वतःच्या कामाला येईना.

टेलरबाईंनी थोडा वेळ दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग त्या पुढं सरकून बसल्या. इथल्या भाषेतले साठेक शब्द त्यांना येत होते, सगळे गिऱ्हाइकांशी बोलून शिकलेले, आणि ते त्यांनी या खोलीत आजवर कधी काढले नव्हते. गल्ल्यामागं उभं राहून, कपडा अजून शिवून झाला नाही म्हणून सांगावं, तशा ठाम आवाजात त्या डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "आज तयार नाही. पुढच्या आठवड्यात."

डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि खरोखरच टेबलावरची डायरी पुढं ओढली.